पैलवानाचे बारा तास

मखमलाबादच्या मळ्यात राहणारे पुंजारामभाऊ रोज पहाटे बरोबर पाच वाजता उठत. त्यांना गजर लागत नसे. अंबडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे तपासणी विभागात काढलेल्या माणसाचे घड्याळ भिंतीवर नसते, अंगात असते. त्या वेळेपर्यंत मुलगा समाधान आदल्या संध्याकाळी तोडलेल्या झेंडूचे क्रेट घेऊन फूलबाजारात पोहोचलेला असे. पत्नी गोजराबाई आंघोळ आणि देवपूजेत गुंतलेल्या असत आणि सून रूपाली सहाशिवाय उठत नसे. त्यामुळे पाच ते सहा हा तास पूर्णपणे पुंजारामभाऊंच्या मालकीचा होता. पाच दहाला ते चहाचे आधण ठेवत. रात्रीच्या दुधावरची साय चमच्याने अलगद उचलून बशीत काढत, कारण चहात सायीचा एक तंतू आला तरी त्यांना मळमळे. पाच वीसला चहाचा पेला, खारीचा डबा आणि बशी घेऊन ते मागच्या ओट्यावर बसत. डब्यातून खारीचे चार तुकडे निघत. दोन चहात बुडवून त्यांच्या तोंडात जात आणि दोन साय माखून डाव्या हाताने पैलवानाच्या. पावणेसहाला पेला विसळून पालथा पडलेला असे. सहाला दिवस इतरांचा होई.

पैलवान हा त्यांचा कुत्रा. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचे घड्याळ दिले होते. पैलवान मात्र त्यांनी स्वतःच कारखान्याच्या फाटकापाशी उचलला आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून घरी आणला. पिल्लू इतके गुटगुटीत होते की नाव शोधावे लागले नाही. अडीच वर्षांत तो बावीस किलोंचा झाला. पण गेल्या तीन महिन्यांत काय बिनसले कोणास ठाऊक, तो भरपूर खाई आणि वाळत जाई. पोट सतत बिघडलेले असे. बरगड्या मोजता येऊ लागल्या, तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या एकाने विचारले, "भाऊ, पैलवानाला आखाड्यातून काढलं का?" पुंजारामभाऊ हसले नाहीत. त्या दिवशी दुपारी त्यांनी त्याला कांद्याच्या वजनकाट्यावर उभा केला. काटा सोळावर थांबला, तेव्हा त्यांनी दवाखान्याची वाट धरली.

पेठ रोडवरच्या दवाखान्यातल्या डॉ. उज्वला तरुण आणि शांत होत्या. त्यांनी पैलवानाचे पोट चाचपले, बारीकसारीक प्रश्न विचारले आणि सांगितले, "काका, मला स्वादुपिंडाची शंका येतेय. त्यातून पाचक रस नीट आला नाही, तर खाल्लेलं अंगी लागत नाही, तसंच बाहेर जातं. एक रक्ततपासणी करू. नमुना मुंबईला पाठवावा लागतो आणि आपल्याकडून तो फक्त मंगळवारी जातो."

"तसं निघालं तर?"

"तर आयुष्यभर जेवणात औषधाची पूड मिसळायची. पण आधी कळू तर द्या. एकच अट. रक्त द्यायच्या आधी बारा तास तो पूर्ण उपाशी हवा. पाणी चालेल. आणि विष्ठेचे तीन दिवसांचे नमुनेही लागतील, पण ते नंतर सांगते."

बारा तास. पुंजारामभाऊंनी मान डोलावली. ज्या माणसाने एकतीस वर्षे केसाइतका फरक असलेला माल परत पाठवला, त्याला बारा तासांचे काय!

पहिल्या मंगळवारी ते पैलवानाला घेऊन वेळेवर हजर झाले. रक्त काढले, यंत्रात फिरवले. डॉक्टरीणबाईंनी नळी उजेडात धरली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. लाल थराच्या वर गवती चहासारखे स्वच्छ पाणी दिसायला हवे होते. तिथे ताक दिसत होते.

"काका, हा जेवलाय."

"शक्य नाही."

"हे पांढरं दिसतंय ना, ती चरबी आहे. असा नमुना पाठवून उपयोग नाही. पुढच्या मंगळवारी या."

आठवडा वाया गेला. पैलवान तेवढ्या आठवड्यात आणखी चारशे ग्रॅम उतरला. त्याच मंगळवारी संध्याकाळी पुंजारामभाऊंनी घरच्यांना ओट्यावर बोलावले आणि जुन्या नोंदवहीचे कोरे पान उघडले. शेजारच्या कुसाबाई कुंपणाच्या खिंडारातून आपण होऊनच आल्या. त्या एकट्या राहत, अर्ध्या एकरात मेथी-कोथिंबीर पिकवत आणि पैलवानावर त्यांचा निम्मा हक्क आहे, असे त्या आणि पैलवान दोघेही मानत.

"सोमवारी रात्री आठनंतर कोणी काय दिलं? खरं सांगायचं. कोणाला शिक्षा नाही."

रूपाली म्हणाली, "आबा, पोळीचा एवढासा तुकडा. तो माझ्याकडे असा बघत होता, की मला घास गिळेना."

"अर्धा वडापाव," समाधान म्हणाला. "पण मिरची काढून दिली."

गोजराबाईंनी पदर सावरला. "मी काय बी वावगं दिलं नाही. उपास घडवायचा म्हणाले ना डॉक्टर? माझा बी सोमवार होता. साबुदाण्याची खिचडी दिली. मुक्या जिवाला उपास, म्हणून काय उपासाचं बी द्यायचं नाही?"

"अगं, उपाशी म्हणजे काहीच नाही!"

"असला कसला उपास? डॉक्टरला धर्म ठावं नाय."

उरल्या कुसाबाई. "भाऊ, माझं तर रोजचंच हाये. पहिली भाकर गायीची, शेवटची कुत्र्याची. आईनं शिकवलं तसं. आता चूल निवायच्या आधी ती भाकर मी काय चुलीला घालू?"

पुंजारामभाऊंनी चारही नावे लिहिली, खाली रेघ मारली आणि सही केली. मूळ कारण सापडल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरले.

दुसऱ्या सोमवारी त्यांनी कारखान्याची पद्धत घरी आणली. कारखान्यात शंकास्पद मालाला लाल चिठ्ठी लावत. तशीच एक चिठ्ठी पैलवानाच्या गळ्यात आली: 'थांबवलेला माल. तपासणी बाकी. निरीक्षकाच्या परवानगीशिवाय हलवू नये.' आठ वाजता त्याला फुलांच्या क्रेटच्या खोलीत ठेवले. दाराला कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख, वेळ आणि सही झाली. घरच्यांनीही या वेळी शब्द पाळला. रूपाली स्वयंपाकघराचे दार लावून जेवली. समाधान वडापाव बाहेरच खाऊन आला. कुसाबाईंनी शेवटची भाकर फडक्यात बांधून टोपलीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी बाजारात दुसऱ्याच एका कुत्र्याला घातली. आपण पैलवानाशी दगा केल्यासारखे त्यांना दिवसभर वाटत राहिले.

मंगळवारी पहाटे पट्टी जशीच्या तशी होती. पुंजारामभाऊंनी ती स्वतःच्या हाताने फाडली, पैलवानाला मोकळा केला, सकाळचे नेहमीचे सारे यथास्थित उरकले आणि नऊ वाजता ते रूपालीसह दवाखान्यात पोहोचले.

नळीत पुन्हा ताक होते. मागच्याहून थोडे दाटच.

"डॉक्टर, अहो, मी सील केलं होतं! सील शाबूत होतं!"

"सीलबद्दल माझी तक्रार नाही काका," डॉ. उज्वला मऊ आवाजात म्हणाल्या. "पण हे रात्रीचं नाही वाटत. आज सकाळचं आहे. सकाळी घरात कोण जागं असतं?"

परतीच्या वाटेवर रिक्षात पैलवान त्यांच्या मांडीवर डोके ठेवून पडला होता. डोके हलके लागत होते. अजून एक आठवडा. पुंजारामभाऊंनी कारखान्यातल्यासारखी एकेक शक्यता वगळायला सुरुवात केली. समाधान बाजारात, वगळला. रूपाली झोपलेली, वगळली. गोजराबाई देवाजवळ, वगळल्या. त्या वेळी मागच्या अंगणाच्या आसपास जागी असलेली एकच व्यक्ती उरत होती. कुंपणापलीकडे दिव्याच्या उजेडात मेथीच्या जुड्या बांधणारी.

त्यांनी ते काम टाळले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. ते धुतलेला शर्ट घालून गेले आणि आवाज न चढवता बोलले.

"कुसाबाई, राग मानू नका. पण मंगळवारी सकाळी तुम्ही पैलवानाला काही दिलंत का?"

"नाय."

"आठवून बघा. एखादा तुकडा, सवयीनं. माणसाला सवयीचं भान राहत नाही."

कुसाबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "भाऊ, मी बाजारात तीस वर्सं बसते. कोनी मला अजून चोर म्हनलं नव्हतं."

"मी चोर कुठं म्हणालो?"

"धुतलेला सदरा घालून म्हनले, एवढंच. बरं, माझ्या हातचं तुमच्या कुत्र्याला नको ना? तर नको."

संध्याकाळी कुंपणाच्या खिंडारात बोरीची काटेरी फांदी आडवी बसली होती. पैलवान तिच्यापुढे बराच वेळ बसून राहिला. मग त्याने नाक पुढे केले, काटा टोचला, आणि तो परत येऊन ओट्याखाली पडला. गोजराबाईंकडे रोज येणारी मेथीची जुडी बंद झाली. त्याच आठवड्यात गोजराबाईंनी दूधवाल्या झिपरूलाही झाडले. "दोन वर्सं झाली, तुझ्या दुधाला साय म्हणून येत नाय. लोण्याचं गाडगं कोरडंच. दूध घालतो का पाणी?" झिपरू देवाच्या शपथा घेत होता. घरात सगळ्यांचेच डोके फिरले होते आणि पैलवान पंधरा किलोंवर आला होता.

तिसऱ्या मंगळवारसाठी डॉ. उज्वलांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. "रात्री आठपासून दवाखान्यात येईपर्यंत जे जे घडेल ते वेळेसकट लिहून आणा. काहीही गाळू नका." हे काम पुंजारामभाऊंच्या हाडीमासी भिनलेले होते. त्यांनी तक्ता आखला. आठ वाजता खोली बंद, सील. पाच वाजता सील तपासले, शाबूत. पाच पाच, पैलवान बाहेर, लघवी. पाच दहा, आधण ठेवले. पाच पंधरा, दुधावरची साय बशीत काढली. पाच वीस, निरीक्षक चहासह ओट्यावर.

वही मांडीवर होती, पेन उजव्या हातात. कुंपणात बोरीची फांदी होती तिथेच होती, म्हणजे तिकडून धोका नव्हता. तपासणी करणाऱ्याची जुनी शिस्त अशी, की नोंदीतली प्रत्येक वस्तू कुठून आली आणि कुठे गेली ते दोन्ही दिसले पाहिजे. चहा: निरीक्षकाच्या पोटात. खारी, चार नग: दोन निरीक्षकाच्या पोटात. साय, एक बशी...

पेन थांबले.

साय कुठे गेली? ते साय खात नव्हते. आयुष्यात कधी खाल्ली नव्हती. त्यांनी बशीकडे पाहिले. बशी खारीने पुसून घेतल्यासारखी स्वच्छ होती. मग अतिशय सावकाश त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिले. हात त्यांना न विचारता पुढे झाला होता. त्यात सायीने माखलेला खारीचा तुकडा होता, आणि त्याच्यापासून चार बोटांवर पैलवान डोळे मिटून, तोंड उघडून, पूर्ण विश्वासाने वाट पाहत होता.

दुसऱ्या तुकड्यावरही उरलेली साय होती. सुदैवाने तो अजून डब्याच्या झाकणावरच होता. आज लिहिण्याच्या नादात हाताला उशीर झाला होता, एवढेच. पुंजारामभाऊंनी हात मागे घेतला. पैलवानाने एक डोळा उघडला. डब्यात परत टाकावे तर खारी भिजलेली, फेकावे तर तो धावून खाणार. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही तुकडे एकामागून एक स्वतःच्या तोंडात घातले. एकसष्टाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा साय गिळली. ती त्यांना त्यांच्या भीतीइतकी वाईट लागली नाही, पण त्यांची त्या क्षणी चव कळण्यासारखी स्थिती नव्हती.

चहा! चहाला खाणे कोण म्हणते? गेल्या वर्षी स्वतःच्या रक्ताच्या तपासणीलाही ते 'उपाशी आहे, नुसता चहा घेतलाय' असे सांगूनच गेले होते आणि तिथल्या मुलीने कपाळावर हात मारला होता. एकतीस वर्षांत त्यांनी शेकडो याद्या केल्या होत्या, पण तपासणी करणारा माणूस कुठल्याच यादीत नव्हता.

त्या दिवशी नळीत स्वच्छ, पिवळसर पाणी चमकले. डॉ. उज्वला खूश झाल्या. "याला म्हणतात नमुना! काका, तक्ता आणलाय ना?"

"आणलाय," पुंजारामभाऊ म्हणाले आणि त्यांनी तो खिशातच ठेवला. "पण आता नमुना चांगला आलाय ना? मग राहू द्या."

रिक्षात रूपाली म्हणाली, "बघा आबा, कुसामावशींना बोललात ते बरंच झालं. फांदी लावली आणि लगेच फरक." घरी गोजराबाईंनी तेच वाक्य तीन बायकांना सांगितले. तर्क अगदी बिनचूक होता. पुंजारामभाऊ स्वतः जरी तपासायला बसले असते, तरी त्यांनी तोच निष्कर्ष काढून खाली सही केली असती. आता कोणाला काही कळणार नव्हते. फक्त गप्प राहायचे होते.

गप्प राहणे त्यांना आठ दिवस जमले. रोज पहाटे ते कोरा चहा घेऊन घरात बसत आणि मागच्या ओट्याकडे जात नसत. तेवढ्यात विष्ठेचे तीन नमुने तीन दिवस जमवून झाले. प्रत्येक डबीवर दिनांक, वेळ, क्रमांक आणि निरीक्षकाची सही होती. दवाखान्यातल्या माणसाने त्या डब्या जरा आदरानेच आत नेल्या.

पुढच्या बुधवारी दुपारी फोन आला. पुंजारामभाऊ उभ्याने ऐकत होते. मग ते खाली बसले.

"काय झालं?" गोजराबाई धावत आल्या. "अहो, बोला ना!"

"स्वादुपिंड ठणठणीत आहे," ते म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला, जरी तो स्वच्छ होता. "आतड्यात बारीक जंतू सापडलेत. पहिल्या दोन डब्यांत दिसले नाहीत, तिसरीत दिसले. पाच दिवसांचं औषध आहे आणि ताकदीची काही इंजेक्शनं. बरा होईल म्हणाल्या. पूर्ण बरा. तेल-तूप, साय-लोणी बंद. कोरडी भाकरी चालेल, थोडी थोडी."

गोजराबाईंनी देवापुढे साखर ठेवली. समाधान पेढे घेऊन आला. रूपालीने शेजारीपाजारी वाटायला ताट केले आणि निघताना विचारले, "आबा, कुसामावशींकडे देऊ का नको?"

"ते मी देतो," पुंजारामभाऊ म्हणाले.

ते आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतले. अर्ध्या तासाने घडी घातलेला एक कागद आणि चार पेढे घेऊन ते बाहेर पडले. धुतलेला शर्ट त्यांनी मुद्दाम घातला नाही. बोरीच्या फांदीमुळे त्यांना रस्त्याने फिरून जावे लागले. कुसाबाई अंगणात कोथिंबीर निवडत होत्या.

"पैलवान बरा होणार आहे," ते म्हणाले.

कुसाबाईंचे हात थांबले. "खरं?" त्यांनी पदराने डोळे टिपले, मग त्यांना आपले भांडण आठवले आणि त्यांनी चेहरा परत कडक केला. "बरं झालं. मुका जीव."

"आणि हे तुमच्यासाठी." त्यांनी कागद पुढे केला.

"माझा चष्मा फुटलाय. वाचून दावा."

पुंजारामभाऊंनी मागे पाहिले. कुंपणापलीकडे त्यांचेच अंगण होते. त्यांनी अगदी हळू वाचायला सुरुवात केली. "विषय: रक्ताचा नमुना दोन वेळा नापास होणे. संशयित: कुसाबाई. संशय... चुकीचा."

"जरा मोठ्यानं, भाऊ. मला कमी ऐकू येतं."

"संशय चुकीचा!" ते म्हणाले. कुंपणापलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "मूळ कारण: निरीक्षक स्वतः. रोज पहाटे निरीक्षक चहासोबत दोन खारी व एक बशी साय पैलवानास देत असत. सदर बाब त्यांनी कधीही खाणे म्हणून मोजली नाही."

"आता गं बाई!" कुसाबाई म्हणाल्या. "ती खारी होय? ते तर मी रोज बघते. त्या मंगळवारी बी बघितलं. तुमी असे आभाळाकडं बघत डाव्या हातानं भरवता."

पुंजारामभाऊंच्या हातातला कागद खाली आला. "बघितलं होतं? मग मी विचारायला आलो तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? चहाच तर घेत होते दोघं. चहाला कोन खानं म्हनतं?"

त्यांनी एकमेकांकडे पाहिले. महिन्याभरात पुंजारामभाऊ पहिल्यांदा हसले. हसू आधी पोटात हलले, मग खांद्यांत, मग डोळ्यांतून पाणी आले. कुसाबाईही हसल्या, पण मध्येच थांबून म्हणाल्या, "तरी मला चोर म्हनले ते म्हनलेच."

"म्हणालो. चूक झाली."

"ते बी लिवलंय का?"

"शेवटच्या ओळीत."

"मग वाचा की. मोठ्यानं."

त्यांनी वाचले. मोठ्याने. कुंपणापलीकडून गोजराबाईंचा आवाज आला, "अहो, एक बशी साय म्हणालात का? रोज? म्हणजे दोन वर्सं मी त्या झिपरूला..." पुढचे शब्द नीट ऐकू आले नाहीत, आणि ते बरेच झाले.

दुसऱ्या दिवशी पुंजारामभाऊ नेहमीप्रमाणे पाचला उठले. पाच दहाला आधण ठेवले. दुधावरची साय अलगद उचलून त्यांनी ती गोजराबाईंच्या लोण्याच्या गाडग्यात घातली आणि वर झाकण ठेवले. खारीच्या डब्याला त्यांनी हात लावला नाही. झिपरू दूध घेऊन आला, की तो डबा आणि माफीचे चार शब्द त्याच्या हवाली करायचे असे त्यांनी रात्रीच ठरवले होते. मग ते मागच्या अंगणात गेले, बोरीची फांदी दोन्ही हातांनी धरून कुंपणातून ओढून काढली आणि चिंचेखाली नेऊन टाकली. अंगठ्यात एक काटा मोडला. तो त्यांनी दातांनी काढला.

ओट्यावर बसून त्यांनी चहाचा घोट घेतला. पैलवान समोर येऊन बसला. त्याने त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिले, हात हुंगला, रिकामा तळवा एकदा चाटला. मग तो उठला, मोकळ्या खिंडाराकडे गेला, जिथे काटा होता तिथे नाक लावून खात्री करून घेतली आणि पलीकडे उतरला.

"आला का रं बाबा?" पलीकडून आवाज आला. "थांब. कालची शेवटची ठेवलीया. कोरडी हाये हां, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

पुंजारामभाऊंनी मांडीवरची वही उघडली. काल औषधासाठी आखलेल्या तक्त्यात 'खाणे देणाऱ्याचे नाव' या रकान्यातले स्वतःचे नाव त्यांनी पट्टी धरून सरळ रेघेने खोडले, त्याच्यावर कुसाबाईंचे लिहिले आणि शेजारी सही केली. मग पेन खिशात ठेवून ते निवांत, सावकाश चहा पीत बसले.